डरहॅमचें महामंदिर व संत कथबर्ट यांची समाधि

देवालय आधीं कीं गांव आधीं, असें कोणी विचारल्यास आम्ही इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम शहराकडे बोट दाखवूं. तेथील महामंदिर, किल्ला व पेठा हीं सर्व एका शवपेटीभोंवतीं वसलीं आहेत.

ती पेटी संत कथबर्ट यांची. लिंडिस्फार्न बेटाचे हे बिशप इ. स. ६८७ मध्यें निवर्तले. अकरा वर्षांनीं थडगें उघडलें तेव्हां देह अविकृत आढळला, असें संत बीड यांनीं लिहून ठेविलें आहे. पुढें डेन लोकांच्या धाडींमुळें ८७५ मध्यें मठवासीयांनीं बेट सोडलें. बरोबर ती पेटी घेतली, व तींतच संत ऑस्वाल्ड राजाचें मस्तक. कित्येक वर्षें ते रानोमाळ हिंडले; नंतर चेस्टर-ली-स्ट्रीट येथें शतकाहून अधिक काळ राहिले; आणि ९९५ मध्यें वेअर नदीनें तीन बाजूंनीं वेढलेल्या एका उंच खडकावर आले. हरवलेली गाय शोधणाऱ्या एका बाईच्या मागोमाग जाऊन त्यांना ती जागा सांपडली, अशी दंतकथा आहे. दंतकथा बाजूस ठेविली तरी निवड शहाणपणाची होती, यांत संशय नाहीं.

नॉर्मन बिशप विल्यम यांनीं जुनें देऊळ पाडून ११ ऑगस्ट १०९३ रोजीं हल्लींच्या मंदिराचा पाया घातला. ११०४ मध्यें पेटी नव्या वेदीमागें आली, आणि ११३३ पर्यंत मुख्य काम पुरें झालें. नागमोडी रेघा कोरलेले ते अवाढव्य खांब, आणि दगडी फांसळ्यांवर तोललेलें तें छत! युरोपांतील अशा छतांच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांत त्याची गणना होते. यात्रेकरूंच्या वर्दळीवर शहर पोसलें. येथील बिशपांस न्यायदान, नाणीं पाडणें, सैन्य बाळगणें असे राजासारखे अधिकार होते. त्यांचा शेवट १८३६ मध्यें झाला. दारावरचा कडा वाजविणाऱ्या अपराध्यास सदतीस दिवस अभय मिळे. मात्र स्त्रियांनीं फरशींतील काळ्या दगडाची रेघ ओलांडूं नये असा नियम होता; तो आम्हांस रुचत नाहीं.

मग आठव्या हेन्रीचे अधिकारी आले. त्यांनीं समाधीवरील रत्नें काढून नेलीं व पेटी फोडली. आंत हाडें मिळतील या समजुतीनें घण घातला. परंतु देह अखंड होता आणि त्या घावानें संतांचा पाय मोडला, असें १५९३ च्या सुमाराच्या एका वृत्तान्तांत म्हटलें आहे. १५३९ च्या शेवटच्या दिवशीं मठ संपला.

तीस वर्षांनीं, १४ नोव्हेंबर १५६९ रोजीं, उत्तरेकडील दोन अर्लांनीं बंड करून मंदिरांत प्रवेश केला आणि तेथें पुन्हां मिस्सा झाली. कांहीं आठवड्यांतच बंड मोडलें. शेंकडों साधीं माणसें फांसावर चढलीं. अर्ल थॉमस पर्सी यांचा १५७२ मध्यें यॉर्क येथें शिरच्छेद झाला. १८९५ मध्यें ख्रिस्तसभेनें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें. याच काळांत स्वदेशीं कॅथलिक धर्मगुरु होणें अशक्य झालेले एक इंग्रज, आपले फादर स्टीफन्स, १५७९ मध्यें गोव्यास उतरले. डरहॅमचें नुकसान झालें तेव्हां आपल्या भाषेस 'क्रिस्तपुराण' लाभलें, हा योगायोग आम्हांस विसरतां येत नाहीं.

१६५० मध्यें डनबारच्या लढाईंतील सुमारें ३००० स्कॉट कैदी येथें कोंडले गेले. त्यांतील सुमारें १७०० भुकेनें व रोगानें मेले. त्यांपैकीं कांहींचे सांपळे २०१३ मध्यें जवळच सांपडले.

मंदिर आज अँग्लिकन पंथाकडे आहे. संतांचा खरा देह बेनेडिक्टाईन मठवासीयांनीं गुप्तपणें अन्यत्र पुरला, अशी कॅथलिकांत वदंता होती. ती खोडण्यासाठीं मे १८२७ मध्यें समाधि उघडली. आंत सांगाडा, जुनें रेशीम आणि वस्त्रांच्या घड्यांत दडलेला, माणकांसारख्या तांबड्या खड्यांचा एक लहान सोन्याचा क्रूस निघाला. हेन्रीच्या माणसांच्या हातीं तो लागला नव्हता. त्याच वर्षीं शहरांत संत कथबर्ट यांच्याच नांवाचें कॅथलिक देऊळ उघडलें. तेथें अजून मिस्सा होते. महामंदिरांत वेदीमागें एक साधी शिळा आहे, आणि तिच्यावर फक्त एक लॅटिन नांव कोरलेलें आहे.