झळाळीमागील हात

स्टेनलेस स्टीलच्या नक्षीदार कठड्यास हाताने झळाळी आणणारा कारागीर प्रथम जाड, मग क्रमाने बारीक पॉलिशपेपर फिरवितो. आधीचा ओरखडा पुरता गेल्यावाचून आरशासारखी चमक येत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच चिकाटीने सिंगापुरात हिंदी हातांनी चुना घोटला होता.

१८६१ साली पूजाविधीस खुले झालेले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी बंदिवानांनी बांधले. शिंपल्यांचा चुना, अंड्यांतील पांढरा बलक, जाडी साखर व नारळाची सोडणे भिजविलेले पाणी यांचा गिलावा त्यांनी भिंतींवर चढविला. तो सुकल्यावर स्फटिकाने वा गोल गोट्याने घोटून गुळगुळीत केला. ही कृती मॅक्नेअर यांनी १८९९ च्या ग्रंथात नोंदविली आहे. सिंगापुरास पाठविलेल्या बंदिवानांत मुंबई इलाख्यातील लोकही होते. १८७३ साली येथील बंदिशाळा मोडली.

इमारतीचा आराखडा करणाऱ्या मॅक्फर्सन यांचे स्मारक आवारात उभे आहे. घोटणाऱ्यांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत. आपले पूर्वज बंदिवान नव्हते, करारबद्ध मजूर होते. तरी विस्मृतीचे भय त्यांच्याही वाट्यास आहे. म्हणून कोणत्या पूर्वजाने कोणते काम केले, हे वडीलधाऱ्यांस विचारून नावासह घरोघरी लिहून ठेवावे, ही नम्र विनंती.