घरबसल्या ऑनलाइन काम घेताय? क्लायंट खरा की खोटा, आधी हे तपासा

आपल्या तालुक्यांत आता बरीच पोरं-पोरी मोबाईल किंवा लॅपटॉपवर बाहेरची कामं घेतात. कुणी डिझाइन करतं, कुणी भाषांतर, कुणी टायपिंग, कुणी व्हिडिओ एडिटिंग. यालाच फ्रीलान्सिंग म्हणतात. नोकरी नाही, पगार नाही, कामागणिक पैसे. यात चांगली कमाई करणारे आहेत, तसे फसलेलेही आहेत. फसलेल्यांत माझ्या घरचंच एक पोरगं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा पुतण्या बी.कॉम. झालेला. व्हॉट्सॲपवर त्याला मेसेज आला की पाच दिवसांत ५०० फॉर्म भरून द्या, फॉर्ममागे ४० रुपये. त्याने आधार, पॅन आणि सहीचा फोटो पाठवला. चार दिवस रात्री जागून काम केलं. पाचव्या दिवशी त्यांची साइटच उघडेना. सहाव्या दिवशी फोन आला, 'तुमच्या कामात चुका जास्त आहेत, करार मोडला, ५,८०० रुपये भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस.' मागून एका वकिलाच्या नावाचा कागदही आला. पोराने घाबरून मित्राकडून उसने घेऊन पैसे भरले. दोन दिवसांनी पुन्हा १२,००० ची मागणी आली, तेव्हा घरात कळलं. बातम्या लिहिणारा काका शेजारच्या घरात असून पोरगं मला बोललं नाही, हे मला पैशापेक्षा जास्त लागलं. 'काका, तुम्ही हसाल असं वाटलं,' म्हणाला.

पहिला नियम : पैसा कुठून कुठे जातोय?

काम आपण करतो, म्हणजे पैसा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला पाहिजे. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, सॉफ्टवेअरचे पैसे, 'रिफंड मिळणारं' डिपॉझिट, दंड, एनओसी चार्ज, नाव काहीही असो. क्लायंटने पैसे मागितले की तिथेच थांबायचं. अपवर्क किंवा फायव्हर अशा साइट स्वतःचं कमिशन घेतात, अपवर्कवर कामासाठी अर्ज करायला 'कनेक्ट्स' विकतही घ्यावे लागतात. पण ते त्या साइटला जातात. क्लायंटच्या यूपीआयवर एक रुपयाही जात नाही.

यूपीआयचंही लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. हे दोन्ही पैसे देताना करायचं असतं. 'पेमेंट पाठवलंय, स्कॅन करून घ्या' म्हणणारा चोरच.

कुठली लक्षणं दिसली की सावध व्हायचं

१. काम सोपं आणि दर भलताच जास्त. साध्या टायपिंगला कुणी फुकट हजारो रुपये वाटत नाही.
२. पहिल्याच मेसेजला 'टेलिग्रामवर या'. साइटच्या बाहेर नेलं की साइट तुमचा वाद सोडवत नाही. पैसे बाहेर घेणं तर नियमातच बसत नाही, तुमचं खातं बंद होऊ शकतं.
३. घाई. 'आज रात्रीपर्यंत सही करा, जागा दोनच आहेत.'
४. कामाबद्दल बोलणं कमी आणि कागदपत्रांची मागणी जास्त. ओटीपी, एटीएमचा फोटो, बँकेचा पासवर्ड कुठल्याच कामाला लागत नाही.
५. कंपनीचं नाव मोठं, पण ईमेल साधा जीमेलचा.
६. 'कामाची फाइल' म्हणून एपीके ॲप पाठवतात. ते मोबाईलमध्ये घातलं की तुमचे मेसेज आणि ओटीपी त्यांना दिसू शकतात.

कंपनी भारतातली असेल तर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर मागा. जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकला की नाव, राज्य आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं. तरी एवढ्यावर थांबू नका, कारण खऱ्या कंपनीचा नंबर चोरूनही दिला जातो. त्या कंपनीच्या साइटवरचा फोन लावून 'हा माणूस तुमचाच का?' विचारा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही.

नेहमीचे चार सापळे

फॉर्म भरण्याचा सापळा वर सांगितला. त्यात काम नापास होणार हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरा 'टास्क'चा. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग 'प्रीपेड टास्क'साठी हजार भरा, पाच हजार भरा. स्क्रीनवर नफा वाढताना दिसतो, पण काढायला गेलं की आणखी पैसे भरायला सांगतात.

तिसरा जादा पैशाचा. क्लायंट म्हणतो, 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा.' बऱ्याचदा पैसे आलेलेच नसतात, स्क्रीनशॉट खोटा असतो. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय विश्वास ठेवू नका. पेपालवर तर पैसे देणाऱ्याला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, म्हणजे आलेली रक्कमही मागे जाऊ शकते.

चौथा सगळ्यात वाईट. 'तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवा, बाकी पुढे पाठवा.' हा पैसा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा असतो. खातं गोठतं आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात. बँक खातं, सिमकार्ड, अपवर्कचं खातं, काहीही भाड्याने देऊ नका.

काम घ्यायचं तर असं घ्या

आपल्याकडे द्राक्षाचा व्यापारी बांधावर येतो, गोड बोलतो, माल भरतो आणि चेक देऊन गायब होतो. ज्याला हा अनुभव आहे तो पुढच्या वेळी इसार घेतल्याशिवाय कात्री लावू देत नाही. इथेही तेच करा.

साइटवर ठरलेल्या रकमेचं काम असेल तर क्लायंटने पैसे आधी साइटकडे जमा केलेत का ते बघा, मगच काम सुरू करा. अपवर्कवर असं काम जमा केल्यावर क्लायंटने १४ दिवसांत काहीच उत्तर दिलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. मोठं काम तुकड्यांत पाडा आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे ठरवा. थेट क्लायंट असेल तर निदान तीस-चाळीस टक्के आगाऊ घ्या.

नमुना मागितला तर जुनं काम दाखवा. 'टेस्ट' म्हणून पूर्ण कामच फुकट करून घेणारेही आहेत. काय करायचं, किती पैसे, कधी द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा, हे ईमेलवर लिहून घ्या. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या.

क्लायंट खरा, पण पैसे लांबवतो

प्रत्येक उशीर म्हणजे फसवणूक नसते. आधी सरळ आठवण द्या, बिल पुन्हा पाठवा, पुढचं काम थांबवा. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि सेवा देणाऱ्यालाही मिळते. काम घेण्याआधी ती केलेली बरी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे भारतातल्या खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. नाही दिले तर व्याजासह मागता येतात. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते.

नोटीस आली किंवा पैसे गेले, तर

व्हॉट्सॲपवर आलेला वकिलाचा कागद म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. केस खरोखर दाखल असेल तर तिला १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. तो मागा आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघा. करारात दंड कितीही लिहिला असला तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, तीही करार मोडल्याचं सिद्ध झालं तर. शंका असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. उद्या नाही, त्याच तासात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, वेळेत कळवलं तर मध्येच अडवता येतो. व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार भरा, पावती क्रमांक जपा. आपल्या बँकेलाही कळवा. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे.

कागदपत्रं गेली असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. आपल्या पॅनवर कुणी कर्ज काढलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं, तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. आणि 'गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा' म्हणणारा भेटला तर तोही त्याच टोळीतला समजा.

आमच्या पुतण्याने तक्रार केली. ५,८०० अजून परत आलेले नाहीत. पण १२,००० भरले नाहीत, नंबर ब्लॉक केला, आणि कोर्टाचं समन्स आजपर्यंत आलेलं नाही. आता तो एका साइटवर रीतसर हिशेबाची कामं करतो, पैसे जमा दिसल्याशिवाय फाइल उघडत नाही.

घरातल्या मोठ्यांना एकच सांगणं आहे. पोरगं असं काही घेऊन आलं तर आधी 'तुला अक्कल नव्हती का' म्हणू नका. तक्रार कुठे करायची ते विचारा आणि १९३० लावून द्या. ओरडायला नंतर वेळ आहेच.