मेलानोमाच्या उपचारातील संप्रेरकरोधक संशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कर्करोग व संप्रेरके यांचा संबंध वैद्यकशास्त्राला नवा नाही. १८९६ मध्ये ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यास स्तनाचा कर्करोग ओसरू शकतो हे दाखविले. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषी संप्रेरक रोखून प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात आणला. त्वचेतील रंगद्रव्यपेशींचा घातक कर्करोग असलेल्या मेलानोमाबाबत मात्र हा मार्ग वळणावळणाचा ठरला. या रोगातून पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात बचावतात, हे निरीक्षण संशोधनाच्या मुळाशी होते. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

इस्ट्रोजेनरोधाचा टप्पा :
स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध मेलानोमावरही वापरले गेले. १९९२ मध्ये इटलीतील कोक्कोनी व सहकाऱ्यांनी ११७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. डकार्बाझिनला टॅमॉक्सिफेनची जोड दिली असता प्रतिसाद १२ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेला आणि मध्यम आयुर्मान २९ आठवड्यांवरून ४८ आठवडे झाले. हा लाभ विशेषतः स्त्रियांत दिसला. परंतु १९९६ मध्ये कॅनडातील २११ रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीला टॅमॉक्सिफेनची जोड देऊनही लाभ आढळला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील २४० रुग्णांच्या चाचणीत टॅमॉक्सिफेनयुक्त चार औषधांचा उपचार एकट्या डकार्बाझिनपेक्षा आयुर्मानात सरस ठरला नाही. उलट दुष्परिणाम वाढले. पुढे २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत एका विशिष्ट इस्ट्रोजेन-ग्राहीला उत्तेजन दिल्यास मेलानोमाची वाढ मंदावते, असे दाखविले. जे रोखायचे म्हणून प्रयत्न झाले, तेच संरक्षक असण्याची शक्यता पुढे आली.

अँड्रोजेनरोधाचा टप्पा :
२००२ मध्ये बीआरएएफ जनुकातील बदलाचा शोध लागला व त्यावर नेमकी औषधे आली. २०२२ मध्ये एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी, शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांचा प्रतिसाद पुरुषांपेक्षा चांगला असल्याचे नोंदविले. उंदरांत टेस्टोस्टेरॉनने औषधाचा प्रभाव घटला. अँड्रोजेन-ग्राही रोखल्यावर नर व मादी दोहोंत तो वाढला.

निष्कर्ष :
संप्रेरकरोध येथे स्वतंत्र उपचार नसून मुख्य औषधाचा साहाय्यक ठरू पाहत आहे. तथापि, छोट्या चाचणीची आशा मोठ्या चाचणीत मावळते, हा १९९० च्या दशकाचा धडा विसरून चालणार नाही. उंदरांतील यशाची कसोटी रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांतच लागेल. स्त्री व पुरुष रुग्णांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासणे हे त्यासाठी अगत्याचे आहे.