थिबा राजवाडा : राजाची सोन्याची बेडी
रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहण्यापूर्वी तो कोणी व कोणासाठी बांधला, हे ध्यानी घ्यावे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले जिंकून ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. ही वास्तू मात्र त्याला १९१० साली मिळाली. १९१६ साली तो निवर्तला. त्यापूर्वी, १८५८ साली, दिल्लीचा बहादूरशाह जफर रंगूनला धाडला गेला होता. राजा समुद्रापार गेला की बंडाला निशाण उरत नाही, हा त्यामागील हिशेब. आज येथे वस्तुसंग्रहालय आहे. परंतु त्यातील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ही वास्तूच. थिबाची समाधी रत्नागिरीत आणि जफरची कबर रंगूनमध्ये आहे. दोघांनाही परतीची वाट मिळाली नाही.