दोषी सापडला, पण कारण?

अमरावती-अकोल्यात पेटची तयारी करताना 'संशोधन प्रश्न कसा मांडायचा?' इथेच गाडी अडते ना? मग 1992 चा रोखे घोटाळा घ्या. हर्षद मेहताचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका दलालाला बँकांचा पैसा वापरता आलाच कसा?

सरकारी रोखे विकताना बँका रोख्यांऐवजी 'बँक रिसीट' म्हणजे नुसती पावती देत. रिझर्व्ह बँकेतल्या नोंदी हाताने व्हायच्या, वेळ लागायचा. म्हणून पावतीवरच भागायचं. बँक ऑफ कराडने तर मागे रोखे नसतानाच पावत्या दिल्या. ती बुडाली आणि 1994 मध्ये बँक ऑफ इंडियात गेली.

जानकीरामन समितीने तूट मोजली: सुमारे 4,000 कोटी रुपये. पुढे रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालील 30 खासदारांच्या संयुक्त समितीने डिसेंबर 1993 च्या अहवालात दलालांसोबत बँका, रिझर्व्ह बँक आणि अर्थ मंत्रालयावरही बोट ठेवलं.

तरी 2001 मध्ये केतन पारेख प्रकरणात पुन्हा संयुक्त समिती नेमावी लागली. म्हणून सांगतो, 'कोणी केलं?' यावर थांबू नका; 'कशामुळे जमलं?' हे विचारा. आणि कारण सापडल्यावर ते दूर झालं का, हेही तपासा.