शब्दांच्या आठ जाती : परिभाषेचा इतिहास आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील विद्यार्थी

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही वनव्याप्त जिल्ह्यांत मराठीसोबत गोंडी व माडिया बोलली जाते. येथील अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा गोंडी वा माडिया, शाळेची मराठी आणि २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी अशी असते. इंग्रजी वाक्यातील शब्दजाती ओळखताना त्यांच्याकडून होणाऱ्या चुका बहुधा अभ्यासाच्या अभावाशी जोडल्या जातात. त्यामागे परिभाषेचाही इतिहास आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

शब्दजातींची परंपरा :
भारतीय परंपरेत यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार पदप्रकार मानले. पाणिनीने सुबन्त व तिङन्त अशी पदव्यवस्था मांडली. आठ ही संख्या ग्रीक परंपरेतील आहे. लॅटिनमध्ये उपपद नसल्यामुळे ते वगळून केवलप्रयोगी शब्दांना स्थान देण्यात आले व आठ ही संख्या कायम राखली गेली. लिंडले मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात मात्र उपपदासह नऊ जाती आहेत. यावरून हे वर्गीकरण भाषापरत्वे बदलत आले, हे स्पष्ट होते.

विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण सिद्ध केले, तर मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथात शब्दजातींची सविस्तर चर्चा आढळते. आज शाळेत शिकविल्या जाणाऱ्या चार विकारी व चार अविकारी जाती याच परंपरेतून आल्या आहेत.

अडचणीचे स्वरूप :
परिभाषा समांतर असली तरी भाषांची रचना समांतर नाही. ‘झाडाखाली’ या शब्दातील ‘खाली’ हे शब्दयोगी अव्यय नामानंतर येते. इंग्रजीत ‘अंडर द ट्री’ असा क्रम असतो. ‘चांगला’, ‘चांगली’ यांतील विशेषण रूपावरून ओळखता येते. ‘गुड’ बदलत नाही. ‘लाइट द लॅम्प’, ‘द लाइट इज डिम’, ‘अ लाइट बॅग’ या तीन रचनांत ‘लाइट’ हा शब्द अनुक्रमे क्रियापद, नाम व विशेषण आहे. येथे जात शब्दाच्या रूपावरून नव्हे, तर वाक्यातील स्थान व कार्यावरून ठरते.

रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये गोंडीचा समावेश द्राविडी कुलात केला. मराठीप्रमाणे गोंडीतही संबंधदर्शक घटक नामानंतर येतात व क्रियापद सामान्यतः शेवटी असते. मात्र तिची लिंगव्यवस्था मराठीपेक्षा भिन्न आहे. म्हणजेच गोंडीभाषक विद्यार्थी मराठीचे लिंग आणि इंग्रजीचा शब्दक्रम या दोन्ही गोष्टी नव्याने आत्मसात करीत असतो. परीक्षेत त्याच्या या श्रमाची नोंद होत नाही. उत्तर केवळ चूक ठरते.

निष्कर्ष :
१. आठ शब्दजाती हे सर्व भाषांना सारखेच लागू पडणारे सत्य नसून ऐतिहासिक वर्गीकरण आहे.
२. इंग्रजी शब्दजाती शिकविताना व्याख्येच्या पाठांतराऐवजी वाक्यातील स्थान व कार्य यांवर भर देणे आवश्यक आहे.
३. गोंडी, मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारी मांडून तुलना केल्यास विद्यार्थ्याची मातृभाषा अडसर न ठरता अध्ययनाचे साधन ठरू शकेल. २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील प्राध्यापकांनी या दिशेने विचार करणे अगत्याचे आहे.