उषा चौथी आली, त्यानंतर

ऑगस्ट १९८४ मध्ये आपण आठवीत होतो. पी. टी. उषाचं कांस्यपदक एक शतांश सेकंदानं हुकल्याची बातमी पीटीच्या सरांनी मैदानावर सांगितली आणि सगळ्यांना एक टाळी वाजवायला लावली. "यालासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो," असं ते म्हणाले. तुम्हालाही आठवत असेल.

गेल्या वर्षी भाचीला हे रंगवून सांगत होते, तर ती म्हणाली, "मावशी, मग तिनं पळणं सोडलं का?" मला धड उत्तर देता येईना. चाळीस वर्षं मी उषाला त्या अंतिम रेषेवरच उभी करून ठेवली होती. म्हणून हे लिहायला घेतलं.

महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी लॉस एंजेलिसला पहिल्यांदाच झाली. उषा मुळात कमी अंतराची धावपटू. १९८० मध्ये मॉस्कोला गेली तेव्हा सोळा वर्षांची होती. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरमध्ये तिला रौप्यपदकं मिळाली. मग प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी तिला अडथळ्यांकडे वळवलं. एकूण दहा अडथळे, दोन अडथळ्यांत ३५ मीटरचं अंतर. पावलं मोजून पडायला हवीत, नुसता वेग असून भागत नाही. उपांत्य फेरी तिनं ५५.५४ सेकंदांत जिंकली. अंतिम फेरीत तिला ५५.४२ सेकंद लागले, रुमानियाच्या कोजोकारूला ५५.४१. तिथलं जेवण मानवत नसल्यानं पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, असं उषानं पुढे मुलाखतीत सांगितलं. वाचून मला आपले डबे आठवले.

आपण तिथंच थांबलो. ती मात्र पुढच्याच वर्षी जकार्ताला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उतरली आणि १००, २००, ४००, ४०० मीटर अडथळे आणि रिले अशी पाच सुवर्णपदकं घेऊन आली, वर एक कांस्य. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये चार सुवर्ण, एक रौप्य. १९८८ चं ऑलिंपिक वाईट गेलं, तेही लपवायला नको. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. आणि १९९८ मध्ये फुकुओकाला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्यपदकं, शिवाय ४ x १०० रिलेचं सुवर्ण. मला यातलं फुकुओकाच सर्वांत मोठं वाटतं. पुढे तिनं केरळमध्ये मुलींसाठी शाळा काढली. ८०० मीटरची टिंटू लुका तिथलीच.

हे सगळं ऐकून भाचीनं विचारलं, "आणि तू?"

विटांवर बांबू ठेवून मी पळायचे, ते तुम्ही पाहिलंय. तालुक्याला पहिली आले आणि नववीनंतर पळालेच नाही. हरले म्हणून नाही. घरी "आता पुरे" म्हणाले आणि मीही वाद घातला नाही. आपल्या वर्गात अशा आणखी तिघीजणी तरी होत्या. मेळाव्याला याल तेव्हा सांगा, तुमचं कशामुळे सुटलं?